राखेने पुसलेली काच

विंझरच्या अलीकडे ओढ्यावर एक मोरी आहे. ती ओलांडली की रस्ता किंचित वळतो आणि हिवाळ्यात, साडेपाचच्या पुढे, सूर्य नेमका डोळ्यांसमोर येतो. पौषातल्या एका सोमवारी, शाळेतून परतताना, त्या वळणावर मला एका बाईची पाच बोटे दिसली. बाई माझ्या ओळखीची नव्हती. ती रेडकाला रस्त्यावरून हाकलत होती आणि त्यासाठी तिने हात उगारला होता. पाचही बोटे, त्यांच्यामधल्या चार फटी, फटींतून येणारा तांबूस उजेड आणि कोपराकडे घसरलेल्या बांगड्या. मोटारसायकल चालवणाऱ्याने परक्या बाईच्या हाताकडे इतक्या बारकाईने पाहू नये, हा आक्षेप मला मान्य आहे; पण मी पाहिले असे म्हणण्यापेक्षा ते मला दिसले, आणि दिसले म्हणून मी दचकलो, असे म्हणणे अधिक खरे होईल. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि तसाच बसून राहिलो. कामथडीच्या शाळेत मी मराठी शिकवतो आणि विंझरला राहतो. सकाळी पूर्वेकडे जातो, संध्याकाळी पश्चिमेकडे येतो. म्हणजे जाताना सूर्य समोर आणि येतानाही समोर. अकरा वर्षे हा क्रम आहे. या अकरा वर्षांत त्या वळणावर मला माणसे दिसली होती, गुरे दिसली होती, एसटी दिसली होती. पण त्यांतल्या कशालाही कडा नव्हत्या. उजेडाचा एक पिठूळ पडदा असे आणि जवळ आल्यावर ती त्या पडद्यातून बाहेर पडत. सूर्य समोर असला की जग असेच दिसते, अशी माझी समजूत होती. सर्वांनाच.

माझ्या अंगावर त्या दिवशी एकच गोष्ट नवी होती. जुन्या हेल्मेटच्या पट्ट्याचा चाप तुटला, म्हणून आदल्या दिवशी भोरला जाऊन मी नवे हेल्मेट घेतले होते. दुकानदार कुमार हा तिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. मी फळीवरचे एक हेल्मेट उचलून डोक्यावर ठेवणार, तोच म्हणाला, "थांबा सर. आधी डोकं मोजू." मी म्हणालो, "मी टोपी शिवायला आलेलो नाही." "तेच की. टोपी सैल असली तर टोपी उडती. हे सैल असलं तर तुमी उडता." त्याने शिंप्याची फीत भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवली आणि माझ्या जुन्या हेल्मेटात डोकावून आकडा वाचला. "चार बोटं मोठं हाय की हो! यात तुमी आन तुमचं हेडमास्तर दोघं मावाल." मी त्याला सांगितले की आत कानटोपी घातली म्हणजे ते व्यवस्थित बसते. "आन पुढं भुवयांवर येतं का न्हाई?" येत असे. प्रत्येक खड्ड्यानंतर मी ते डाव्या हाताने मागे सारत असे. ही हालचाल मला इतकी सवयीची झाली होती की मोटारसायकल चालवण्याच्या क्रियेचाच तो एक भाग आहे असे मी मानत होतो. कुमारने मला निरनिराळी हेल्मेटे घालून पाहायला लावली. माझे डोके लांबट आहे, गोल साच्याचे घेतले तर तासाभरात कपाळ ठणकू लागेल, हे ज्ञान मला चोपन्नाव्या वर्षी प्राप्त झाले. शेवटी एक हेल्मेट चढवून त्याने मला पंधरा मिनिटे बाकावर बसवले. समोर चहा ठेवला. तो पिता येत नव्हता. "गाल दाबले जातात," मी तक्रार केली. "गाल दाबूद्यात. कपाळ दुखतंय का?" "नाही." "चष्म्याच्या काड्या टोचतात?" "नाही." "मान हलवा. डोक्याबरोबर फिरतंय, मागं ऱ्हात न्हाई. मंग ते तुमचंच." उन्हासाठी मी काळ्या काचेचे मागितले, तेव्हा आमचा थोडा वाद झाला. काळी काच भर दुपारी बरी, पण दिवेलागणीला तीतून म्हैस दिसणार नाही, असे त्याचे म्हणणे. मी तीन मुद्दे मांडले. त्याने तिन्ही ऐकून घेतले आणि बिनरंगी काचेचेच माझ्या हातात दिले.

आणि मग, सहज, त्याने माझे जुने हेल्मेट ट्यूबलाइटखाली तिरपे धरले. "सर, हे कशानं पुसता?" मी काहीशा अभिमानाने म्हणालो, "राखेने." "राख?" "चुलीची. वस्त्रगाळ करून. रोज सकाळी." तो मोठ्याने हसला असता तर मला चालले असते; तो हळूच हसला. "अहो, हा काय पितळेचा तांब्या हाय व्हय? हे प्लास्टिक हाय. पाणी सोडायचं, मऊ फडकं, साबणाचा एक थेंब. चिखल वाळला असंल तर ओलं फडकं टाकून ठिवायचं वर, घासायचं न्हाई. हितं या. बगा." मी पाहिले. ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाभोवती असंख्य बारीक वर्तुळे होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी. त्याने हेल्मेट हलवले, तसे जाळेही उजेडाबरोबर सरकले. उजेड जिथे जाईल तिथे जाळे. ती वर्तुळे माझ्या हाताची होती. उत्रोलीला, माझ्या मावशीकडे, मी लहानपणी चार वर्षे शिकायला होतो. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसण्याचे काम माझ्याकडे असे. मावशी, सखूबाई तिचे नाव, काच उजेडाकडे धरून तपासायची आणि एखादा डाग राहिला तर म्हणायची, "ह्या डागातनं तुला अक्षर वाचता येईल का रं?" मग मी पुन्हा पुसत असे. स्वच्छता म्हणजे राख, हे माझ्या बोटांत तेव्हापासून बसले. जो मनुष्य हेल्मेट कधीच पुसत नाही, त्याची काच माझ्या काचेपेक्षा स्वच्छ असेल, हा विचार मला भोरहून परतताना वाटभर छळत राहिला. तरी तोवर तो केवळ एक चमत्कारिक विचार होता. त्याची धार मला सोमवारी, त्या वळणावर कळली.

कारण त्याच वळणावर, दोन वर्षांपूर्वी, पौषातच, माझी मोटारसायकल हैबतीबाच्या कळपात शिरली होती. हैबतीबा वरच्या वाडीतला मेंढपाळ, तेव्हा पासष्टीचा. मला समोर फक्त उजळलेली धूळ दिसली होती. त्या धुळीतून एकाएकी लोकर निघाली. मी पडलो, मनगट मुरगळले. एक गाभण मेंढी जागीच गेली. मी उठून हेल्मेट काढेपर्यंत हैबतीबा तिच्यापाशी गुडघे टेकून बसला होता आणि त्याचे दोन्ही हात तिच्या पोटावर होते. त्याने वर पाहून एवढेच विचारले, "गुर्जी, म्या हात केला व्हता की. का न्हाई थांबला?" मी म्हणालो, "हात केला नव्हता." या एका वाक्यावरून पुढचे सारे झाले. आठवड्याने वाडीतल्या बिरोबाच्या देवळात बैठक बसली. मधे होते धनाजीमामा, ज्यांचे दोन्ही गावांत ऐकतात. मी भरपाई आधीच पुढे केली होती. हैबतीबाने ती घेतली नाही. "ते ऱ्हाऊद्या तुमच्याकडं. म्या हात केला व्हता, येवढं म्हना." मला तेवढेच म्हणता येत नव्हते, कारण ते मला खोटे वाटत होते आणि खोटे बोलणे मला जमत नाही. म्हणून मी बोललो. आणि मला बोलता येते. हात वर असता तर मला दिसला असता. मला तो दिसला नाही. म्हणून हात वर नव्हता. दुसऱ्या वाक्यात काही खोटे नव्हते. तिसरे पहिल्या दोहोंतून सरळ निघत होते. राहिले पहिले, त्या पहिल्या वाक्याकडे कोणी पाहिलेच नाही. मीही पाहिले नाही. उलट मी त्यावर आणखी एक मजला चढवला. हैबतीबा कसा उभा होता, ते मी वर्णन करून सांगितले: रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात काठीच्या टोकावर, हातांवर हनुवटी, खांद्यावर घोंगडी. मला तो तसा स्वच्छ आठवत होता. बैठकीतल्या माणसांनी माना हलवल्या, कारण इतके बारीक कोणी बनवून सांगत नाही.

तेव्हा हैबतीबा उठला. देवापुढच्या वाटीतला भंडारा, ती पिवळीधमक हळद, त्याने उजव्या मुठीत उचलली आणि म्हणाला, "म्या हात केला व्हता. खोटं असंल तर देव बघून घील." भंडारा उचलला की वाद संपतो, त्यापुढे कोणी बोलत नाही, फक्त वाट पाहतात. जुन्या कागदपत्रांत बेल-भंडारा मी अनेकदा वाचला होता आणि मुलांना त्याचा अर्थही सांगितला होता. प्रत्यक्षात तो उचलणारा हात किती कापतो, हे मला त्या दिवशी कळले. ते कापणे मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून मनात नोंदवून ठेवले. पुढच्या श्रावणात हैबतीबा कातळावरून घसरला आणि त्याचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. भंडारा उचललेलाच हात. गावाने त्याला तोंडावर काही म्हटले नाही. पूर्वी जनावर कोणाचे, यावर तंटा झाला की हैबतीबाला बोलावीत आणि तो सांगेल ते मानीत. ते बोलावणे तेवढे थांबले. मला ही हकीकत कोणी सांगितली तेव्हा मी म्हणालो होतो, "अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही." आणि तरीही मला आतून एक बारीकसे समाधान वाटले होते. ते समाधान त्या सोमवारी, मोरीजवळ गाडी उभी करून बसलो असताना, मला तोंडातल्या खड्यासारखे लागत होते.

घरी आल्यावर मी मंगलला, माझ्या पत्नीला, जुने हेल्मेट घालून अंगणात सूर्याकडे तोंड करून उभे राहायला सांगितले. ती भाकऱ्या टाकत होती. "आता हे काय नवीन?" "तुला तुळशीपलीकडचा खांब दिसतो का?" "कुठला खांब? पांढरं पांढरं दिसतंय सगळं. आणि हे नाकावर येतंय माझ्या." तिने ते काढले, केस सारखे केले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. तिला काही सांगावे लागले नाही. बैठकीच्या दिवशीही ती देवळाच्या पायरीवर बसली होती. "तेव्हाच म्हणाले होते मी," ती म्हणाली. "तुमचं खरं असेल हो, पण त्यासाठी त्याचं खोटं कशाला करायला हवं होतं? नाही दिसला म्हणायचं." "दिसला नाही असेच मी म्हणालो." "नाही. केला नाही, असं म्हणालात." मी तिच्याशी नेहमी वाद घालतो. त्या संध्याकाळी मी तिच्या हातातले हेल्मेट घेतले आणि आत नेऊन ठेवले.

पण एक प्रश्न उरलाच, आणि तो अपराधाचा नव्हता, निव्वळ कुतूहलाचा होता. मी तो प्रामाणिकपणे नोंदवतो. मला जर त्या वळणावर काही दिसतच नव्हते, तर काठीवर दोन्ही हात ठेवून उभा असलेला हैबतीबा मी पाहिला तरी कुठे? ते चित्र तर अजूनही तसेच होते. घोंगडीची घडीसुद्धा. डोळ्यांनी दिले नाही ते आठवणीने कोठून आणले? मी रात्रीचे जेवण होईपर्यंत तपासत राहिलो: मेंढीच्या पोटावरचे हात, तेही होते, पण ते चित्र मळके, हलते, वास असलेले होते. आणि हे दुसरे मात्र स्थिर, कोरडे, वासाविना. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात मी मुलांना उतारा वाचायला सांगितला आणि खिडकीशी उभा राहिलो. सुप्रिया नावाची मुलगी वाचत होती. माझी नजर फळ्याशेजारच्या तक्त्यावर गेली. 'आपल्या गावातील व्यवसाय'. कुंभार, लोहार, सुतार, शेतकरी. आणि खालच्या ओळीत, डावीकडून दुसरा, मेंढपाळ. दोन्ही हात काठीच्या टोकावर, हातांवर हनुवटी, खांद्यावर घोंगडी. घडीसुद्धा. अकरा वर्षे तो तिथे उभा होता, कोपरा फाटलेला, खिळ्यावर किंचित तिरपा. आणि ज्या क्षणी काचेने मला काही दाखवले नाही, त्या क्षणी तो तिथून उतरून रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला होता. "सर, पुढे वाचू का?" सुप्रियाने विचारले. ती केव्हाच थांबली होती. मी म्हणालो, "हो, वाच." एका छापील माणसाची साक्ष काढून मी एका जिवंत माणसाला खोटे ठरवले होते.

बुधवारी मी शाळेतून लवकर निघालो, घरी जाऊन जुने हेल्मेट पिशवीत घातले आणि वाडी चढलो. हैबतीबा अंगणात बसून डाव्या हाताने कोकराला पाला भरवत होता. त्याची बायको ठकुबाई मला पाहून आत गेली आणि पाणी घेऊन बाहेर आली. पण तांब्या तिने माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला. मी सगळे सांगितले: राख, वर्तुळे, सैल हेल्मेट, तक्ता. वाक्ये मी वाटेत बांधून ठेवली होती. ती सगळी मोडली. शेवटी म्हणालो, "हैबतीबा, तुम्ही हात केला होता." मला वाटले होते, तो रागावेल किंवा रडेल. तो कोकराच्या कानामागे खाजवत राहिला. "कुनाला ठाव," तो म्हणाला. "आदी वाटायचं, केला व्हता. मंग खांदा धरला. समदी म्हनाया लागली. आता रातीचा इचार करतो, तर मलाच दिसतं, म्या काठीवर हात ठिवून हुबा हाय. तुमी सांगितलं व्हतं ना देवळात, तसाच." ठकुबाई दारातूनच म्हणाली, "दीड वरीस झालं, देवापुढं जाईना ह्यो मानूस. म्हनतो, कुठल्या तोंडानं जाऊ." तक्त्यावरचा मेंढपाळ माझ्या डोक्यातून त्याच्या डोक्यात गेला होता. मी तो इतक्या चांगल्या शब्दांत पोचवला होता. एखादा मनुष्य स्वतःच्या हाताविषयी स्वतः साक्ष देऊ शकत नाही, अशी त्याची अवस्था मी केली होती, आणि आता 'तुम्ही हात केला होता' हे माझे वाक्यही त्याच्यासाठी फक्त माझे आणखी एक वाक्य होते. मी म्हणालो, "मोरीवर चला. सूर्य अजून आहे." "कशापाई?" "मला सांगायचे नाही. तुम्हांलाच पाहायचे आहे."

ठकुबाईही आली. मोरीपाशी मी हैबतीबाला पूर्वेच्या अंगाला, मी ज्या जागेवरून येत होतो तिथे उभे केले. हेल्मेट घालायचे तर पटका काढावा लागणार होता. "भर रस्त्यात पटका काढायचा व्हय?" ठकुबाई म्हणाली. "धर," तो म्हणाला आणि पटका तिच्या हातात दिला. मी आत कानटोपी घातली, हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवले, ते माझ्या भुवयांवर जेवढे येई तेवढे त्याच्या भुवयांवर येऊ दिले, आणि काच खाली केली. "लई घुमतंय आत," काचेमागून आवाज आला. मग मी पाठ फिरवून चाळीस पावले मोजली, वळलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. सूर्य माझ्या मानेवर होता. हैबतीबा मला अगदी स्वच्छ दिसत होता: मळके धोतर, वर ते गोल डोके, शेजारी पटका छातीशी धरलेली ठकुबाई. मी उजवा हात वर केला, पूर्ण, कोपरात न वाकवता, पाचही बोटे पसरून. आणि काही न बोलण्याचे ठरवले. शब्दांचा मला तेव्हा मनापासून कंटाळा आला होता.

"गुर्जी," हैबतीबा ओरडला, "हात करा की!"

मी हात तसाच ठेवला.

"करताय का न्हाई? नुसतं हुबं काय ऱ्हायला? सांजपतोर बसवून ठिवता व्हय मला?"

माझ्या पाठीमागे ब्रेक कचकन लागले. वेल्ह्याकडून येणारा दुधाचा टेम्पो. रिकामे कॅन एकमेकांवर आदळले. पप्पू हा त्याचा ड्रायव्हर, माझा जुना विद्यार्थी. त्याने खिडकीतून डोके काढले. "काय सर, का थांबवलं? गाडी बंद पडली का?" मी वळलो नाही.

"पप्पू," हैबतीबाने तिकडून विचारले, "तू का रं थांबला?"

"म्हंजी? सरांनी हात केलाय की! येवढा उंच, झाडावानी. तुमाला दिसंना व्हय?"

हैबतीबाने डाव्या हाताने काच वर केली आणि माझ्याकडे पाहिले. मग ती खाली केली. पुन्हा वर केली. पुन्हा खाली. जत्रेत एखाद्या खेळण्याची कळ सापडल्यावर माणूस ती पुन्हापुन्हा दाबून पाहतो, तशा कुतूहलाने त्याने चार-पाच वेळा काच वरखाली केली, आणि दर वेळी मी त्याच्या दृष्टीने हात वर करत होतो आणि खाली घेत होतो. शेवटी ती वर असताना तो थांबला. त्याने ठकुबाईकडे तोंड वळवले. आवाज खाली होता, पण वारा माझ्या दिशेने येत होता. "ठके," तो म्हणाला, "म्या केला व्हता गं." ठकुबाईने पटक्यात तोंड लपवले.

माझा खांदा भरून आला होता. बोटांत मुंग्या आल्या होत्या. झाले, असे वाटून मी हात उतरवू लागलो, तेवढ्यात हैबतीबाने हेल्मेट काढले, काखेत धरले आणि पप्पूवर ओरडला, "पप्पू, टेम्पू वाडीकडं घाल. धनाजीला घी, त्या बैठकीला देवळात बसल्याली समदी घी. पळ, दीस बुडायच्या आत. येकयेकाच्या डोस्क्यात घालतो हे." मग तो माझ्याकडे वळला.

"आन गुर्जी," तो म्हणाला, "तुमी हात खाली घिऊ नगा."